तरुणांचे नैराश्य आणि मद्यपान: साध्या दवाखान्यात एकत्रित उपचारांची घडी कशी बसवावी

मानसिक आजारांची सुरुवात बहुतेकदा लहान वयात होते. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी सर्वेक्षणानुसार, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. दारूशी पहिली ओळखही साधारण याच काळात होते. मात्र या वयातली मुले स्वतःहून मनोविकारतज्ज्ञाकडे क्वचितच जातात. ती झोप येत नाही, पोट बिघडले आहे किंवा पडून हाताला लागले आहे, अशा तक्रारी घेऊन नेहमीच्या डॉक्टरकडे येतात. म्हणून उपचारही तिथेच उभे करावे लागतात, आणि त्यासाठी कोलॅबोरेटिव्ह केअर या नावाने ओळखली जाणारी पद्धत उपयोगी पडते.

या पद्धतीत तीन माणसे लागतात: नेहमीचा डॉक्टर, पाठपुराव्याची जबाबदारी घेणारा समन्वयक आणि दुरून सल्ला देणारा मनोविकारतज्ज्ञ. समन्वयक परिचारिका, समाजसेवक किंवा समुपदेशक असू शकतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इम्पॅक्ट या चाचणीत साठ वर्षांवरील १,८०१ नैराश्यग्रस्तांवर ही रचना तपासली गेली. वर्षभरानंतर लक्षणे निम्म्याने कमी झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीत ४५ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत १९ टक्के होते. वृद्धांचा अनुभव तरुणांना कसा लागू होईल, ही शंका रास्त आहे. तिचे बऱ्यापैकी उत्तर लॉरा रिचर्डसन यांच्या २०१४ च्या चाचणीत मिळते. तीत १३ ते १७ वयाची १०१ मुले होती आणि वर्षअखेरीस या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मी नैराश्यातून जवळपास पूर्ण बाहेर आली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण एक पंचमांश होते. दारूबाबत २०१७ च्या समिट चाचणीचा आधार घेता येतो, परंतु तीत प्रौढ रुग्ण होते आणि त्यांत अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेलेही होते. त्यामुळे तिचे आकडे तरुणांना जसेच्या तसे चिकटवू नयेत.

पहिले काम प्रश्नावली ठरवण्याचे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ पुरेशी आहे. तीत मागील दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, एकूण गुण ० ते २७ आणि १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी. किशोरवयीनांसाठी तिचे थोडे बदललेले रूप उपलब्ध आहे. मद्यपानासाठी १२ ते २१ वयोगटात क्राफ्ट ही प्रश्नावली वापरावी; त्यापुढच्या वयात जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट प्रश्नावलीतील पहिले तीन प्रश्न प्राथमिक चाचपणीला पुरतात.

मात्र दारूचे प्रमाण विचारताना ‘एक बाटली’ हे उत्तर लिहून पुढे जाऊ नये. मिलिलिटरला टक्केवारीने आणि मग ०.७९ ने गुणले की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ८ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे दहा ग्रॅमचे एक प्रमाणित पेय (स्टँडर्ड ड्रिंक) धरले तर सुमारे चार पेये. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक अल्कोहोल घेणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात अतिमद्यपान ठरते. ‘महिन्यातून दोनदाच घेतो’ असे सांगणारा मुलगा ही मर्यादा दोन्ही वेळा ओलांडत असू शकतो. तरुणांच्या बाबतीत रोजच्या सवयीपेक्षा हे एका रात्रीतले पिणेच अधिक तपासावे.

प्रश्नावली पालकांसमोर भरून घेऊ नये. मुलाशी एकांतात बोलावे आणि सुरुवातीलाच सांगावे की इथले बोलणे इथेच राहील, फक्त त्याच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तर इतरांना सांगावे लागेल. ही अट नंतर सांगितल्यास विश्वासघात झाल्यासारखे वाटते. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर त्याच भेटीत थेट विचारावे: विचार कधी येतात, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, आणि प्यायल्यावर हे विचार वाढतात का. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बेत आणि साधन दोन्ही असतील, तर मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी तातडीची मदत मिळवून द्यावी.

एवढे करून बरेच दवाखाने थांबतात. गुण केसपेपरवर लिहिले जातात, रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी मिळते, आणि तो तिथे पोहोचला की नाही हे कुणालाच कळत नाही. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ तज्ज्ञापेक्षाही सर्व रुग्णांची प्रगती एकत्र लिहिलेल्या नोंदवहीत आहे. साध्या एक्सेल शीटवर काम भागते, पण नैराश्य आणि दारू यांची नोंद एकाच ओळीत हवी. कल्पित उदाहरण घ्यायचे तर: वय १९, पीएचक्यू-९ पहिल्या भेटीत १६, चौथ्या आठवड्यात १५, आठव्यात १५, मागील चार आठवड्यांतील पिण्याचे दिवस अनुक्रमे ९, ८, ९, अतिमद्यपानाचे दिवस ४, ४, ५, शेवटचा संपर्क १७ दिवसांपूर्वी. ही ओळ वाचणाऱ्याला दोन गोष्टी लगेच दिसतात: उपचार लागू पडत नाहीत आणि मुलगा हातातून निसटतो आहे. पाठपुराव्यात दारूचे दिवस मोजायचे ते यासाठी की ऑडिट हे साधारण वर्षभराच्या सवयीचा अंदाज घेते, त्यामुळे महिन्याभरातला फरक त्यात उमटत नाही. भेट चुकली की समन्वयकाने दोन दिवसांत फोन किंवा मेसेज करावा, आणि त्यात आजाराचा उल्लेख टाळावा, कारण फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो.

‘आधी दारू सोड, मग बघू’ असे सांगून नैराश्याचे उपचार लांबवू नयेत. दारू स्वतःच मन खालावते हे खरे, आणि ती थांबल्यावर अनेकांचे नैराश्य दोन ते चार आठवड्यांत बरेच ओसरते, म्हणून सौम्य लक्षणांत चौथ्या आठवड्याची मोजणी पाहून औषधाचा निर्णय घेणे योग्य. पण तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार असताना वाट पाहू नये. समुपदेशन मात्र दोन्हींसाठी पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावे. ‘तू पिणे बंद कर’ यापेक्षा ‘प्यायल्यावर कोणती गोष्ट सोपी वाटते, आणि दुसऱ्या दिवशी कोणती अवघड होते?’ हा प्रश्न पुष्कळ पुढे नेतो, कारण बदलाची कारणे रुग्णाच्या तोंडून येतात. रोज भरपूर पिणाऱ्याला एकाएकी बंद करायला सांगणे धोक्याचे आहे: पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, थरथर अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. अशा रुग्णाची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी.

औषधांबाबत थोडक्यात. नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्या अल्पवयीनांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ औषध देऊच नये असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत समन्वयकाने दर आठवड्याला बोलावे, एवढाच आहे. पिणाऱ्या रुग्णाला झोपेसाठी बेन्झोडायझेपिन या गटातले गुंगी आणणारे औषध लिहून देऊ नये, कारण दारूसोबत ते श्वसन मंदावते.

मनोविकारतज्ज्ञाचा आठवड्यातला एक ठरलेला तास नोंदवहीसाठी राखून ठेवावा. त्या तासात सगळी नावे वाचत बसू नये. आठ ते बारा आठवड्यांत ज्यांचे गुण निम्म्यावर आलेले नाहीत, ज्यांचा संपर्क तुटला आहे आणि जे नव्याने आले आहेत, त्यांच्यावरच बोलावे. प्रत्येकाबद्दल लेखी सूचना एका वाक्यात आणि मुदतीसह हवी, उदाहरणार्थ मात्रा किती वाढवायची आणि गुण पुन्हा कधी घ्यायचे. ‘लक्ष ठेवा’ ही सूचना नव्हे. भास, संशय, झोपेविनाही ओसंडणारा उत्साह किंवा वारंवार स्वतःला इजा, यांपैकी काही दिसल्यास तज्ज्ञाने रुग्णाला स्वतः तपासावे.

पीएचक्यू-९ चे गुण ५ च्या खाली येऊन काही महिने टिकले आणि अतिमद्यपानाचे दिवस थांबले की नाव सक्रिय यादीतून काढता येते. त्याआधी रुग्णासोबत एक पान लिहावे: आजार परतताना सर्वांत आधी काय बदलते, पिण्याची ओढ कोणत्या प्रसंगी वाढते, आणि फोन कुणाला करायचा. एक प्रत त्याच्याकडे, एक केसपेपरमध्ये राहावी. तो शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव बदलणार असेल, तर त्याच्या संमतीने तिसरी प्रत नव्या डॉक्टरकडे पाठवावी.