कमी बजेटमध्ये स्टिरिओचे स्पीकर बदलताय? मग दुकानातल्या डेमोवर जाऊ नका

तुमच्याकडे ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे, त्याला जोडलेले जुने स्पीकर आहेत आणि हातात वीस-पंचवीस हजार आहेत असं धरून चालतो. टीव्हीखालचा साउंडबार हा वेगळा विषय, तो इथे नाही.

आधी ॲम्पच्या मागे किती ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) लिहिलंय ते बघा. ६ ते १६ असेल तर ४ ओहमचे स्पीकर आणू नका, आवाज वाढवला की ॲम्प तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. वॅटच्या मागे तर अजिबात लागू नका, आणि खोक्यावर पीएमपीओ (वॅटचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं तर ते खोकं तिथेच ठेवा, त्या आकड्याचा प्रत्यक्ष ऐकण्याशी काही संबंध नसतो. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे ८४ वाल्याला ९० वाल्याइतकं वाजायला चौपट ताकद लागते. ॲम्प छोटा असेल तर ८७ च्या खाली उतरू नका.

टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, नकोत. या बजेटमध्ये टॉवर घेतला तर पैसे मोठ्या कॅबिनेटमध्ये जातात आणि आतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, साधे मिळतात. १० बाय १४ च्या हॉलला साडेपाच-साडेसहा इंची वूफरचे (बेस वाजवणारा मोठा ड्रायव्हर) बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, पुरतात.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण जाळी काढायला लावा आणि वूफरच्या कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल तर काही वर्षांनी आपोआप भुगा होतो, आपल्या दमट हवेत तर लवकरच, रबराची असेल तर निश्चिंत.

आता खरा अवघड भाग, कानाने निवडणं. इथे मी स्वतः सपशेल फसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी पहिल्यांदा अपग्रेड करायला गेलो तेव्हा दुकानात दोन जोड्या आलटून पालटून ऐकवल्या, दुसरी जोडी लावली की गाणं एकदम अंगावर यायचं, बेस भरदार, झांजा लख्ख, मी दहा मिनिटांत पैसे दिले. घरी पंधरा दिवसांत डोकं दुखायला लागलं. डग्ग्याची प्रत्येक थाप आधीच्या थापेत मिसळायची आणि गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा. नंतर दोन्हींचे स्पेक नीट वाचले तेव्हा कळलं की मी घेतलेली जोडी ४ डेसिबल जास्त सेन्सिटिव्ह होती आणि व्हॉल्यूमच्या बटणाला मधे कोणी हात लावलाच नव्हता. आपल्या कानाला एक-दोन डेसिबल मोठा आवाजसुद्धा मोठा न वाटता चांगला वाटतो, मग ४ मध्ये काय होणार! मी स्पीकर निवडलाच नव्हता, नुसता मोठा आवाज निवडला होता.

म्हणून फोनवर साउंड मीटरचं ॲप घ्या आणि पिंक नॉइजची (चाचणीसाठीचा एकसारखा खरखरीचा आवाज) फाइल जवळ ठेवा. बसायच्या जागी फोन धरा, पहिल्या जोडीवर पिंक नॉइज लावून आकडा बघा, दुसरी लावली की बटण फिरवून तोच आकडा आणा. फोनचा आकडा खरा डेसिबल दाखवेलच असं नाही पण तुलनेला चालतो. दुकानदार कंटाळला तर दुसरं दुकान बघा, पैसे तुमचे आहेत.

मग ऐकायचं काय? डेमोचं गाणं नको, ते चांगलंच वाजणार. घरातल्या कोणाचं तरी बोलणं फोनवर रेकॉर्ड करून न्या, तो आवाज तुम्ही रोज ऐकता, तो नाकातून किंवा छातीतून आल्यासारखा वाटला तर तिथेच कळतं. स, श, च ही अक्षरं कानाला टोचता कामा नयेत. मग तबला, डग्ग्याची मींड सरकताना ऐकू येते की नुसता हुंकार येतो, आणि तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ टणक आहे का. मग तानपुरा, जवारीचा बारीक झंकार सुटा ऐकू आला पाहिजे. हे सगळं आधी एकाच स्पीकरवर ऐका. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी लोकांना स्पीकर न दाखवता जे प्रयोग केले त्यात हेच दिसलं की दोष एका स्पीकरवर लवकर पकडता येतात, जोडी लावली की ते झाकले जातात.

आणि तरीही शेवटचा निर्णय घरीच घ्या, परत घेण्याची तयारी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशी रिव्ह्यू वाचून मागवणाऱ्यांना हे मी कायम सांगतो, तिकडे बऱ्याच घरांत जिप्सम बोर्डाच्या भिंती असतात आणि त्या थोडा बेस गिळतात, आपल्याकडे विटा-काँक्रीटच्या भिंती आणि खाली टाइल्स, बेस जाणार कुठे? १४ फूट लांबीची खोली साधारण ४० हर्ट्झला घुमते आणि १० फुटांची रुंदी ५६ च्या आसपास, म्हणजे बरोबर खोल बेसमध्ये. कोपऱ्यात आणि शोकेसच्या कप्प्यात स्पीकर कोंबाल तर ते अजून वाढतं. भिंतीपासून निदान दीड फूट पुढे, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा ड्रायव्हर) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, एवढं केलंत तर निम्मा घुमारा जातो. जागाच नसेल आणि स्पीकरच्या मागे बेससाठी भोक असेल तर त्यात फोमचा बोळा घाला. समोर जाड सतरंजी टाका.

वायर साधी तांब्याची १६ गेजची घ्या, महागड्या वायरीत एक रुपयाही घालू नका. प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं जोडा, एका बाजूला उलट झालं तर बेस गायब होतो आणि आवाज मधे उभा राहत नाही.

जुने स्पीकर लगेच विकू नका. पंधरा दिवसांनी ते परत जोडा, फोनवर आवाज सारखा करा आणि तेच रेकॉर्डिंग ऐका. फरक जाणवला नाही तर बिल हातात आहे तोवर नवे परत करा.