पतंगीच्या लाकडापासून सुती कापडावर लाल रंग

पतंगी (सॅपनवुड) या झाडाचा रंग फक्त गाभ्यात असतो. सालीलगतचं पांढरट लाकूड तासून टाकायचं. नुकताच चिरलेला गाभा पिवळट-नारिंगी दिसतो आणि हवा लागली की तांबडा होतो. म्हणून बारीक ढलप्या काढून आठवडाभर सावलीत पसराव्यात. दुकानदार त्याऐवजी रक्तचंदन देऊ लागला तर घेऊ नका. त्याचा रंग पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, त्याला स्पिरिट लागतं.

कोकणात खरी गोम पाण्याची. जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं आणि लोह लागलं की लालाचा काळपट जांभळा होतो. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाका. पाणी करडं-निळसर झालं तर ते या कामाचं नाही. त्यापेक्षा पागोळ्यांचं पाणी उत्तम, पहिल्या एक-दोन सरींचं मात्र सोडून द्या. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी घमेलं किंवा गंजकी बादली अजिबात नको.

अर्धा किलो कापडाला १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, खळ पूर्ण गेली पाहिजे. धुऊन १०० ग्रॅम हिरडापूड कालवलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, पिळा आणि न धुता वाळवा. सूत नुसती तुरटी नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिला बांधून ठेवतं. ही पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात रंग निघतो. पुढे ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड दोन तास ठेवा आणि हलकं खळबळून घ्या.

अर्धा किलो ढलप्या १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी तासभर उकळा, फडक्यातून गाळा. गाळलं नाही तर भुसा चिकटेल तिथे गडद ठिपके पडतात. ओलं कापड त्यात सोडून पाऊण तास मंद आचेवर सारखं हलवत राहा. वाफ यावी, उकळी नको. निवेपर्यंत कापड त्यातच राहू द्या.

लाल फार नारिंगी वाटला तर शेवटी चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. रंग किरमिजीकडे झुकतो. आंबटाने उलटं होतं: कोकमाचं आगळ सांडलं की तिथे पिवळा डाग. धुवायला रिठाच वापरा, साबणाने जांभळी झाक येते.

हा रंग उन्हाला टिकत नाही. पडद्यांना मंजिष्ठा बरी. पतंगी अस्तराला, गोधडीच्या आतल्या थराला वापरा. वाळवायचं पडवीत. उरलेल्या ढलप्या पुन्हा उकळल्या तर फिकट गुलाबी मिळतो, रुमालांना पुरेसा.