गोठ्याचा स्टुडिओ करताय? या चुका टाळा

कोकणात गुरं कमी झाली आणि घरामागचे गोठे ओस पडले. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, कोपऱ्यात सोडणांचा ढीग. चित्रं काढणाऱ्याला अशी जागा मिळाली की तो आधी भिंतीचा रंग ठरवतो. गडबड तिथूनच सुरू होते.

गोठ्याच्या भिंतीचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं गोमूत्र जमिनीत आणि जोत्यात मुरलेलं असतं. त्यातले क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि पाणी उडून गेलं की पांढरी भुकटी होऊन बाहेर येतात. हाच लोणा. गवंडी म्हणतो, ‘सिमेंटचा गिलावा मारू, वर प्लास्टिक पेंट, विषय संपला.’ संपत नाही. ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. लोणा पाण्याने धुऊही नका. क्षार विरघळून परत भिंतीत जातात. उन्हाळ्यात कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी उचलून बाहेर टाका. फुगलेलं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करा, वर चुन्याची सफेदी. तरी खालच्या हातभर पट्ट्यात लोणा डोकावणारच. तेवढा पट्टा अधूनमधून नव्याने करायची तयारी ठेवा. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा.

जमिनीला नालीकडे उतार असतो, त्यामुळे इझल डुगडुगतो. म्हणून लोक भर घालून फरशी बसवतात आणि नालीही बुजवतात. मग झडीचं पाणी आत आलं की जायला वाट नाही. त्यापेक्षा इझलपुरता फळ्यांचा सपाट ओटा करा, उतार राहू द्या.

छत गळतंय म्हणून खालून पीओपी मारणं ही तर सर्वांत महागडी चूक. गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि वर उंदीर-वाळवीचं राज्य. आधी वासे आणि रिपा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड बदला, मग मे संपायच्या आत कौलं परतून घ्या.

आता उजेड. ‘स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी’ हा नियम युरोपातला, कारण तिथे उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही. सावंतवाडी सुमारे 16 अंश अक्षांशावर. तिथे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही उत्तरेकडे असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं त्याच खिडकीतून येतात. पावसाळ्यात ढग ती झाकतात, पण एप्रिल-मेमध्ये कॅनव्हासवर उन्हाचा पट्टा पडतो. खिडकी उत्तरेलाच ठेवा, मात्र छज्जा आणि पातळ पांढरा पडदा हवाच. काचेचं कौल बसवलंत तर त्याच्याखाली मांजरपाट ताणून लावा. रात्री काम करणार असाल तर 5000 केल्विनचे, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे दिवे घ्या, आणि त्यांचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 च्या वर असू द्या. पिवळ्या बल्बखाली जमवलेला निळा सकाळी भलताच दिसतो.

कागद पावसाळ्यात गोठ्यात ठेवूच नका, घरात न्या. बंद कपाटातही बुरशी धरते.

गोठा सामायिक असेल तर खर्चाआधी भाऊबंदांची लेखी संमती घ्या. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या काकांनाही रंगवलेल्या गोठ्याचे फोटो बघून आपला हिस्सा आठवतो.

तैलरंगवाल्यांनी एक गोष्ट आजच करावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते, ती बोळ्यात साठते आणि काडी न लावताही चिंध्या पेटू शकतात. वर लाकडी वासे आहेत. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा आणि डबा बाहेर ठेवा.