मयताचं सामान: आम्ही यायच्या आधी घरच्यांनी काय करायचं

रात्री दोनला फोन येतो आणि समोरचा पहिलं विचारतो, "काय काय लागतंय?" मी म्हणतो, सामानाचं मी बघतो, तुम्ही आधी मयताचं तोंड मिटवा.

कराडात हे दुकान आजोबांनी टाकलं. आधी ते मांडवाला बांबू द्यायचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि त्या एका दिवसात दुकानातला सगळा बांबू पाटणच्या बाजूला गेला. पैसे कुणाकडून मागितले नाहीत. तेव्हापासून दहा जणांचं सामान कायम भरून ठेवायचं, हा घरचा नेम.

तर तोंड. डोळे मिटवा, हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारा, हातपाय सरळ करून पायाचे अंगठे एकत्र बांधा. दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं, आणि सुरुवात पापण्या-जबड्यापासून होते. मग उघडं राहिलेलं तोंड मिटत नाही, अन् मुंबईहून आलेल्या लेकीला पहिलं तेच दिसतं. अंगठी निघत नसेल तर ओढाताण नको, साबण लावा.

नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीला लगेच फोन करा, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद, मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पंखा बंद करा म्हटलं की घरातला एखादा तरी माझ्यावर डाफरतोच.

माणूस घरी गेला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. अपघात, फास, विष किंवा नुसती शंका असली तरी आधी पोलीस. तोवर हात लावू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नाव आधार कार्ड समोर ठेवूनच सांगा. आमच्या आजीचं नाव गडबडीत कुणीतरी 'अक्का' सांगितलं, तसंच चढलं, आणि दुरुस्तीला वडलांनी आठ महिने हेलपाटे घातले. धंदा आमचाच, तरी ही गत.

आता तिरडी. बांबू ओला घ्या, वाळलेला भाराखाली चिरतो. दोन उभे, माणसाच्या उंचीपेक्षा दोन-अडीच फूट लांब, म्हणजे खांदेकऱ्यांना पुढं-मागं धरायला जागा राहते. मधलं अंतर खांद्याएवढं. आडव्या कामट्या आम्ही सात घालतो, पाठीखाली जवळजवळ, पायाकडं विरळ. सुतळी भिजवून घ्यायची. कोरडी सुतळी गाठीत सरकते. गाठी सगळ्या खालच्या अंगाला. वर कडबा किंवा गवत, त्यावर मांजरपाट. बांधून झाली की आजोबा स्वतः तिच्यावर बसून बघायचे. बघणाऱ्यांना विचित्र वाटायचं, पण त्यांची तिरडी कधी वाटेत सुटली नाही.

फ्लॅट असेल तर तिरडी खालीच बांधा. जिन्याच्या वळणावर ती वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. चौघांनी जाड चादरीत धरून खाली आणायचं, पाय पुढं.

लाकूड आम्ही तीनशे किलो धरतो, पावसाळ्यात थोडं जास्त आणि गोवऱ्या दुप्पट. लिंगायत घर असेल तर फोनवरच सांगा, त्यांच्यात बसवून नेतात आणि पुरतात. तिरडी बांधून आणली तर माझी फेरी फुकट आणि तुमचा खोळंबा.

मडकी दोन, एक विस्तवाचं, एक पाण्याचं. घेताना टिचकी मारा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द वाजलं तर बदलून मागा, दुकानदाराची भीड धरू नका, माझीसुद्धा. विस्तवाचं मडकं अर्ध्या वाटेत फुटलं की निखारे मोठ्या मुलाच्या अनवाणी पायांवर पडतात.