लोकमान्य टिळकांचे पेन्सिलचित्र : आधी डोके, मग पगडी

१ ऑगस्टची पुण्यतिथी जवळ आली की शाळांच्या फलकांवर लोकमान्य टिळकांची चित्रे लागतात. त्यांतील पुष्कळ चित्रांत पगडी, मिशा आणि उपरणे बरोबर असते, मधला चेहरा मात्र कोणाचाही वाटतो. याचे कारण बहुधा कामाच्या क्रमात असते. ओळखीची म्हणून पगडी आधी काढली जाते आणि मग तिच्याखाली उरलेल्या जागेत चेहरा दाटीवाटीने बसवला जातो, त्यामुळे कपाळ आखूड होते, डोळे वर सरकतात आणि हनुवटी लांबते. म्हणून पगडीखाली झाकलेले डोके आणि मिशांखाली झाकलेले तोंड आधी काढावे, जे दिसते ते त्यांच्यावर नंतर चढवावे.

नमुना म्हणून दिनदर्शिकेवरचे चित्र न घेता छायाचित्र घ्यावे, कारण छापील चित्रे बहुतेक वेळा एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि प्रत्येक नकलेत चेहरा थोडा बदलत जातो. शक्यतो समोरून घेतलेले छायाचित्र निवडावे. कोणत्या वयाचे टिळक काढायचे हेही तेव्हाच ठरवावे. १९०८ मध्ये मंडालेच्या शिक्षेवर जाण्यापूर्वीच्या छायाचित्रांत मिशा काळ्या आहेत, तर १९१४ मध्ये सुटून आल्यानंतरच्या छायाचित्रांत त्या पांढऱ्या झालेल्या दिसतात. नवशिक्याने काळ्या मिशांचे टिळक घ्यावेत, कारण पांढरी मिशी काढायची म्हणजे कागद कोरा ठेवून भोवतालची छाया गडद करायची, आणि ते सरावाने जमते.

साहित्य थोडेच लागते : ए-४ आकाराचा किंचित खरखरीत कागद, एचबी, २बी आणि ४बी या क्रमाने मऊ व गडद होत जाणाऱ्या तीन पेन्सिली, मऊ खोडरबर आणि पट्टी.

कागद उभा धरून वरच्या कडेपासून ७ सेंमी जागा सोडावी आणि तिथून खाली १२ सेंमी उंच व ९ सेंमी रुंद असा अंडाकार एचबीने अगदी फिका काढावा. मधोमध एक उभी रेघ घ्यावी. डोळ्यांची आडवी रेघ अंडाकाराच्या बरोबर मध्यावर, म्हणजे माथ्यापासून ६ सेंमीवर येते. हे माप नवशिक्यांना हमखास चुकीचे वाटते, पण कवटीचा वरचा भाग आपण नेहमी कमी धरतो. भुवया ५ सेंमीच्या किंचित खाली, नाकाचा तळ साधारण साडेआठ सेंमीवर आणि ओठांमधली फट पावणेदहा सेंमीच्या आसपास येते. रुंदीचे पाच सारखे भाग केले की दुसऱ्या आणि चौथ्या भागात एकेक डोळा बसतो, मधला भाग नाकाचा. ही मापे सर्वसाधारण चेहऱ्याची आहेत. टिळकांचा जबडा रुंद असल्यामुळे अंडाकार खालच्या बाजूला गालांपाशी थोडा भरावा लागतो. इथून पुढे प्रत्येक माप छायाचित्राशी ताडून घ्यावे. चौकटी आखून नक्कल करण्याची पद्धत सोपी आहे खरी, पण तिने एक चित्र जमते, डोके काढायला शिकता येत नाही.

डोळ्यांवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण टिळकांची ओळख त्या रोखलेल्या नजरेत आहे. वरच्या पापणीची कड २बीने ठसठशीत काढावी, खालची मात्र केवळ सुचवावी. दोन्ही कडा सारख्याच गडद केल्या की डोळे वटारल्यासारखे दिसतात. वरच्या पापणीची बारीक सावली बुबुळावर पडते ती दाखवावी आणि चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला कोरा सोडावा.

मिशी काढण्यापूर्वी ओठांची फिकी रेघ आणि तिची दोन टोके निश्चित करावीत, मगच नाकाखालून बाजूंना उतरणारा मिशीचा आकार एकसंध छायेने भरावा. केस एकेक करून काढू नयेत, शेवटी कडेला चारदोन फटकारे पुरतात.

आता पगडी. तिची खालची कड सपाट रेघ नसून कपाळाला वळसा घालणारी कमान आहे, आणि ती डोक्याच्या बाजूंना अंडाकाराच्या थोडी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर पगडी कपाळावर चिकटवल्यासारखी दिसते. घड्यांच्या रेषा गोलाईबरोबर वळवाव्यात, वरचा उंचवटा छायाचित्रावरून मोजूनच काढावा. इथे एक फसगत टाळावी. त्या काळी फिल्मऐवजी ज्या रसायन लावलेल्या काचांवर छायाचित्र घेत, त्यांच्यावर लाल रंगाचा परिणाम फारसा होत नसे, त्यामुळे लाल पगडी जुन्या छायाचित्रात जवळजवळ काळी उमटते आणि चेहराही प्रत्यक्षापेक्षा सावळा येतो. तसाच काळा ठोकळा उतरवला तर घड्या हरवतात. पगडीला मध्यम छटा द्यावी, ४बी घड्यांच्या खोबणींपुरतीच वापरावी आणि पगडीची सावली कपाळावर न विसरता टाकावी. त्या सावलीशिवाय पगडी डोक्यावर बसत नाही.

मान आखूड ठेवावी. खांदे कागदाच्या रुंदीत पुरते मावणार नाहीत, ते कडेकडे विरळ होऊ द्यावेत. उपरण्याला काठाच्या दोन रेघा आणि तीनचार चुण्या पुरेत, तपशील वाढवला तर नजर चेहऱ्यावरून खाली उतरते.

छायांकन करताना प्रकाश छायाचित्रात ज्या बाजूने आहे त्याच बाजूने सर्वत्र ठेवावा आणि हाताखाली कोरा कागद घ्यावा, म्हणजे शिसे फासले जात नाही. पूर्ण झाल्यावर चित्र आरशात पाहावे, एक डोळा खाली गेला असल्यास किंवा जबडा एका बाजूला झुकला असल्यास ते तिथे लगेच कळते. दुरुस्ती करताना मात्र वरवर पापणी किंवा मिशी हलवू नये, आधी मधली उभी रेघ आणि डोळ्यांची आडवी रेघ पुन्हा तपासावी.