पेडल वाजत नाही? आयसी उपटण्याआधी हे वाचा

गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचं सर्किट पूर्ण झालं, ९ व्होल्टची बॅटरी लावली, गिटार जोडली आणि आवाजच नाही. इथपर्यंत ठीक आहे, हे सगळ्यांचंच होतं. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. मल्टिमीटर ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि माणूस सोल्डरिंग आयर्न तापवून आयसी, म्हणजे सर्किटमधली चिप, उपटायला बसतो. ओव्हरड्राइव्ह असो, इक्वलायझर असो की साधा बूस्टर, घरी बनवलेल्या सर्किटमध्ये दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो आणि आयसी शाबूत असतो. तरी पहिला संशय त्याच्यावरच जातो, कारण बदलणं सोपं वाटतं आणि मोजणं कंटाळवाणं वाटतं.

४.५ व्होल्ट आहेत का, ते आधी बघा

पेडल एकाच ९ व्होल्टवर चालतं. सिग्नलला मात्र वर आणि खाली दोन्हीकडे झुलायला जागा लागते. म्हणून दोन सारखे रेझिस्टर, बहुधा १० किलोओमचे, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लावून मध्यावर ४.५ व्होल्ट तयार करतात आणि तिथे ४७ किंवा १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बसवतात. ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या, इनपुटला हे मधलं, म्हणजे बायस, व्होल्टेज पोचलं नाही तर आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतो. मग आवाज येतच नाही, किंवा जोरात तार छेडली की फाटका, तुटक आवाज येतो आणि लगेच मरतो. ‘माझा फझ (मुद्दाम फाटका आवाज देणारं पेडल) फार नॅचरल डिके देतो’, म्हणजे आवाज छान विरतो, असं कुणी सांगितलं की मी आधी बायस मोजायला सांगतो.

टीएल०७२, ४५५८, एनई५५३२ या सगळ्या दुहेरी (एका आयसीत दोन) ऑप-अँपच्या पिना सारख्याच असतात. ८ नंबरवर सुमारे ९ व्होल्ट, ४ नंबरवर शून्य, १ आणि ७ नंबरवर साडेचारच्या आसपास. एवढं मोजायला अर्धं मिनिट पुरतं. १ नंबरवर आठ किंवा एक व्होल्ट दिसला तर दोष त्या अर्ध्या भागात आहे, बाकी बोर्डकडे बघायची गरज नाही.

पण मोजतानाही एक खड्डा आहे. ओळखीतला एक मुलगा ओव्हरड्राइव्ह घेऊन आला होता. चिकाटीचा मुलगा, पण घाई फार. ‘सर, तीन नंबरच्या पिनवर सव्वादोन व्होल्टच येतायत, आयसी उडालाय.’ त्याने टीएल०७२ बदलून पाहिला होता, मग आणखी एकदा बदलला होता. आयसी खोचायचं सॉकेट लावलेलं नव्हतं, त्यामुळे त्या काढघालीत बोर्डवरची तांब्याची दोन पॅडं उखडून आली होती. मीटर पाहिला तर छोटा, साधा. अशा मीटरचा इनपुट बऱ्याचदा १ मेगाओमचा असतो. मुलाच्या सर्किटमध्ये ३ नंबरच्या पिनला ४.५ व्होल्ट जात होते तेही १ मेगाओमच्या रेझिस्टरमधून. मीटर टेकवला की दोन १ मेगाओममध्ये व्होल्टेज वाटलं जाणार आणि बरोबर निम्मं, म्हणजे २.२५ दिसणार. १० मेगाओमच्या चांगल्या मीटरनेसुद्धा तिथे ४.१ च्या आसपासच दिसतं. आयसी ठणठणीत होता. तोच मीटर १ नंबरच्या पिनवर लावला तेव्हा ४.५ आले, कारण ऑप-अँपच्या आउटपुटला मीटरचं ओझं जाणवत नाही. म्हणून बायस तपासायचा तो आउटपुटच्या पिनवर.

मग आवाज का नव्हता? त्यासाठी ऑडिओ प्रोब काढला. हे साधन विकत आणावं लागत नाही. गिटारची एक जुनी केबल घ्यायची, एका टोकाचा प्लग अँपला, दुसरं टोक कापायचं, आतल्या तारेला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर जोडायचा आणि बाहेरची जाळी चिमट्याने सर्किटच्या ग्राउंडला लावायची. कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने सिग्नलच्या वाटेवर एकेक ठिकाण टोचत जायचं. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा, कारण चुकीच्या जागी टोचलं तर कान आणि स्पीकर दोन्हीला त्रास होतो. इनपुट जॅकवर आवाज होता. १ नंबरच्या पिनवर होता, ७ नंबरवर होता. व्हॉल्यूम पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) मध्यावर ठेवलेला, त्याच्या वरच्या पायावर होता आणि मधल्या पायावर नव्हता. पुढे फक्त आउटपुट जॅक उरतो. जॅकचा नट ढिला करून तो किंचित फिरवला आणि पेडल वाजायला लागलं. नट आवळताना जॅक फिरला होता आणि टिपची (सिग्नलची) पट्टी डब्याच्या भिंतीला टेकून सगळा सिग्नल ग्राउंडला जात होता. पाच मिनिटांचं काम होतं, त्यासाठी एका चांगल्या बोर्डचं वाटोळं झालं.

तेव्हापासून सॉकेटशिवाय आयसी लावलेला बोर्ड कुणी आणला की मी आधी सॉकेट लावायला सांगतो. ‘सॉकेटमुळे टोन बिघडतो’ हे मला ऐकूनही घ्यायचं नसतं.

फिल्टर कागदावर बरोबर, कानाला चूक

दुसरी चूक इक्वलायझर आणि टोन कंट्रोल बनवणाऱ्यांची, आणि ही हुशार मुलं जास्त करतात. फिल्टर जिथून आवाज कापायला लागतो त्या कटऑफचं सूत्र त्यांना पाठ असतं: १ भागिले २ π आर सी (आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर). १० किलोओम आणि १० नॅनोफॅरॅडचा लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा फिल्टर), कटऑफ सुमारे १५९० हर्ट्झ. हिशोब अचूक. मग त्याच्यापुढे ते १० किलोओमचा व्हॉल्यूम पॉट लावतात. आता फिल्टरला दिसणारा रेझिस्टन्स दोन १० किलोओम समांतर, म्हणजे ५ किलोओम झाला. आवाज निम्म्यावर आला आणि कटऑफ जवळपास ३१८० हर्ट्झवर गेला. मग तक्रार येते की कपॅसिटर खोट्या व्हॅल्यूचे मिळाले.

असाच प्रकार दोन सारखे फिल्टर एकामागे एक जोडल्यावर होतो. मधे बफर (मागच्यावर ओझं न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा) असेल तर दोन्ही मिळून ३ डेसिबलची घट सुमारे १०२० हर्ट्झला येते. बफर नसेल तर दुसरा फिल्टर पहिल्याला दाबतो आणि तीच घट ६०० हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. माझी सवय अशी: पुढच्या टप्प्याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) मागच्याच्या निदान दहापट ठेवायचा, जमत नसेल तर मधे एक बफर टाकायचा. दुहेरी ऑप-अँपचा अर्धा भाग पुष्कळदा रिकामाच पडलेला असतो, त्याचा बफर करा.

गिटारच्या बाबतीत हे जास्तच झोंबतं. पिकअपचा डीसी रेझिस्टन्स मीटरवर सहा ते दहा किलोओम दिसतो, त्यावरून लोक समजतात की २० किलोओमच्या इनपुटला तो सहज चालेल. पण पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांचं वेटोळं. त्याचा इंडक्टन्स काही हेन्री असतो, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सींना त्याचा इम्पीडन्स एक लाख ओमच्याही वर जातो. कमी इम्पीडन्सच्या इनपुटला जोडला की नेमका ट्रेबल मरतो. म्हणून गिटारसाठीचा इनपुट १ मेगाओमच्या आसपास ठेवतात. म्युझिक सिस्टीमसाठी काढलेलं टोन कंट्रोल सर्किट जसंच्या तसं गिटारला जोडू नका. पीटर बॅक्सँडलचं टोन कंट्रोल, जे १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापून आलं आणि आजही जगभर वापरलं जातं, त्यालाही मागून कमी इम्पीडन्सचा सोर्स हवा असतो. आधी बफर, मग बॅक्सँडल. एवढं केलं तर ते फार सुंदर वाजतं, आणि ज्यांनी बफरशिवाय जोडून ‘बॅक्सँडल गिटारला चालत नाही’ असं ठरवून टाकलंय त्यांनी ते पुन्हा करून पाहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एकच अपवाद लक्षात ठेवा. फझ फेससारखं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट मुद्दाम पिकअपवर ओझं टाकतं, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होतो तो त्यामुळेच. त्याच्याआधी बफर लावला की ती मजा जाते.

शिट्टी

गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवला की पेडल शिट्टी मारतं, हे बहुतेक वेळा वायरिंगमुळे होतं. इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींना वळसा घालून बसलेल्या असतात आणि जास्त गेनच्या सर्किटला तेवढं पुरतं. प्लास्टिकच्या काडीने तारा लांब सारून पाहा. शिट्टीचा सूर बदलला तर कारण सापडलं. इनपुटची तार आखूड आणि शील्डवाली घ्या. आयसीच्या ८ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये, अगदी जवळ, १०० नॅनोफॅरॅड लावा. कधी शिट्टी कानाच्या पट्ट्याच्या वर असते. तेव्हा आवाज नुसता बारीक आणि खरखरीत येतो आणि बॅटरी लवकर संपते.

४५५८ काढून ‘अपग्रेड’ म्हणून एनई५५३२ घालणाऱ्यांना तर हे हमखास भेटतं. एनई५५३२ उत्तम आयसी आहे, पण तो ८ मिलीअँपच्या आसपास करंट खातो आणि त्याच्या इनपुटचा बायस करंट २०० नॅनोअँपच्या घरात असतो. १ मेगाओममधून तो वाहिला की ०.२ व्होल्ट इकडेतिकडे, आणि मग पॉट फिरवताना खरखर. सर्किट ज्या आयसीसाठी काढलंय तो आधी लावून ऐका.

आता थोडक्यात

ट्रान्झिस्टरचे पाय डेटाशीट बघूनच लावा. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, २एन३९०४ चे नेमके उलटे. एकाच्या जागी दुसरा चालतो, पण फिरवून. उलटा लागला तरी थोडाफार आवाज येतो, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

कपॅसिटरवर १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरॅड, १०३ म्हणजे १०. भिंगातून वाचा. फिल्टरच्या जागी फिल्म कपॅसिटर घ्या. वाय५व्ही जातीच्या सिरॅमिकची व्हॅल्यू तापमानाने ८२ टक्क्यांपर्यंत घसरू शकते.

लांब ब्रेडबोर्डची पॉवरची पट्टी बऱ्याचदा मध्यावर तुटलेली असते. तार टाकून जोडा.

तांब्याच्या पट्ट्यांच्या स्ट्रिपबोर्डवरचा कट नखाने नाही, मीटरच्या बीपने तपासा. केसाएवढं तांबं राहिलं तरी जोडणी तशीच राहते.

बऱ्याच पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. जुन्या युरोपियन पॉटवर ए म्हणजे लिनियर. मध्यावर ठेवून मोजलं की कळतं.

पेडलच्या अडॅप्टरची मधली पिन बहुधा निगेटिव्ह असते. पॉवरच्या इनपुटला १एन५८१७ डायोड सिरीजमध्ये टाका, उलटा अडॅप्टर लागला तरी काही जळत नाही. पीएनपी जर्मेनियमचा जुन्या पद्धतीचा फझ पॉझिटिव्ह ग्राउंडवर चालतो. तो बाकी पेडलांच्या अडॅप्टरवर जोडला की थेट शॉर्ट. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

फूटस्विचच्या पायांवर आयर्न टेकवून बसू नका. आतलं प्लास्टिक वितळतं आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. एक पाय लावा, गार होऊ द्या, मग पुढचा.

एमएएक्स१०४४ (व्होल्टेज उलटं किंवा दुप्पट करणारा आयसी) ला १० व्होल्टच्या वर देऊ नका. आणि त्याची एक नंबरची पिन पॉझिटिव्हला जोडा, नाहीतर त्याची किणकिण ऐकू येत राहते.

पहिलंच सर्किट म्हणून फेझर (आवाज लाटेसारखा फिरवणारं पेडल) किंवा डिले (प्रतिध्वनी देणारं) घेऊन बसणाऱ्यांना मी परत पाठवतो. चार जेफेट (एका जातीचे ट्रान्झिस्टर) एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात हे फेझरच्या चित्रात दिसत नाही, आणि ते जुळवायला जो धीर लागतो तो अजून आलेला नसतो. एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर बनवा. कलेक्टरवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज येतंय का पाहा, बायसचा रेझिस्टर बदलून ते वरखाली करा आणि प्रत्येक वेळी गिटार वाजवून ऐका. मग इनपुटचा १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर काढून ४.७ नॅनोफॅरॅड लावा. खर्ज गळून पडतो, गिटार पुढे येते, आणि हाय-पास फिल्टर म्हणजे काय ते कानाला समजतं.