जुन्या गाडीचा इंधनकाटा बिनचूक कसा करावा

जुन्या जीपचा किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीचा इंधनकाटा खोटे सांगू लागला की गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा डॅशबोर्डावरचे गेज बदलण्याचा मिळतो. तो बहुतेक वेळा वाया जातो, कारण दोष गेजमध्ये क्वचित असतो. टाकीतले युनिट, त्याची वायर किंवा अर्थ (म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी) येथेच तो अधिक वेळा सापडतो. युनिट म्हणजे फ्लोट (इंधनावर तरंगणारा भाग), त्याची दांडी आणि दांडीबरोबर कमीजास्त होणारा विजेचा रोध; गेज फक्त तो रोध वाचते.

म्हणून टाकी न उघडता तपासणीला सुरुवात करावी. युनिटची वायर टाकीपासून दूरच्या जोडावर सोडवून, चावी चालू ठेवून, क्षणभर बॉडीला टेकवावी: काटा एका टोकाला आणि वायर मोकळी सोडल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर गेज आणि वायर दोन्ही ठीक आहेत. काही जुनी गेजे तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालतात. त्यांचा काटा सावकाश सरकतो आणि त्यांना दाब स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्टच मिळायचे असतात, म्हणून त्यांना बॅटरीचा पूर्ण दाब थेट देऊ नये. पुढे मल्टीमीटरने युनिटचे धातूचे अंग आणि चॅसी यांच्यातला रोध मोजावा. तो जवळपास शून्य हवा; गंजलेल्या स्क्रूमुळे तो वाढला असेल, तर युनिटपासून चॅसीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढल्यानेच अनेकदा काम होते.

तरीही काटा भरकटत असेल, तर बॅटरीचे ऋण टोक काढून, उघड्या हवेत, ठिणगीचा संबंध येणार नाही याची काळजी घेऊन युनिट बाहेर काढावे. दांडी हळू फिरवताना मीटरचा आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो तुटला, तर रोधाची पट्टी झिजली आहे असे समजावे. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा आणि आत पेट्रोल खळखळले तर तो बदलावा. डाख देण्याच्या भानगडीत पडू नये, कारण आत राहिलेली वाफ आचेने पेटते. जुन्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो, आणि आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही तयार होणारे ते इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते.

नवे युनिट घेताना रोधाचे माप गेजशी जुळते का, हे आधी पाहावे. काही मापांत रिकामी टाकी २४० आणि भरलेली ३३ ओहम दाखवते, तर काहींत रिकामी १० आणि भरलेली १८०. उलट दिशेच्या मापाची जोडी कोणत्याही जोडणीने दुरुस्त होत नाही. थोडासा फरक असेल तरच रोध जोडावा. समांतर जोडलेला रोध मोठ्या आकड्याला जास्त खाली आणतो: ९० ओहमला ६८० ओहम समांतर दिला की सुमारे ७९.५ मिळतात, पण १० ओहम मात्र ९.९ च्या आसपासच राहतात. एकसर (त्याच वायरीत एकापुढे एक) जोडलेला रोध दोन्ही आकडे सारखेच वाढवत असल्याने लहान आकड्याकडे त्याचा परिणाम अधिक जाणवतो.

खरे काम टाकी भरताना होते. साताऱ्यात सपाट जागा शोधावी लागते, तरी गाडी उतारावर उभी करून हे करू नये. टाकी जवळपास रिकामी करून पंपावर मोजून ५-५ लिटर भरावे, प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे आणि जागा कागदावर टिपावी. टाकीचा आकार सरळ चौकोनी नसल्याने अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असे नसते. दांडी जराशी वाकवून शून्याची जागा अशी ठेवावी, की काटा तिथे आला तरी टाकीत ४-५ लिटर उरलेले असतील. भरलेल्या बाजूला थोडी चूक राहिली तरी चालते, रिकाम्या बाजूला नाही.

शेवटी नवे गॅसकेट बसवून टाकी पूर्ण भरून गळती पाहावी. खंबाटकी किंवा पसरणी घाटात इंधन टाकीच्या एका बाजूला जाऊन काटा हलणारच. तो युनिटचा दोष नाही, आणि आकडा सपाटीवर आल्यावरच वाचावा.